घरगुती मसाल्याचा व्यवसाय: गिऱ्हाईक तुमचंच नाव का घेईल?

उन्हाळा लागला की गावोगावी, सोसायट्यांच्या फाटकांवर आणि फोनवरच्या ग्रुपांत एकच मजकूर फिरू लागतो: ‘घरगुती मसाले मिळतील. शुद्ध, चविष्ट, पारंपरिक.’ चारही शब्द खरे असतात, पण शेजारच्या गल्लीतल्या ताईंच्या पाकिटावरही तेच चार शब्द असतात. घेणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही, मग तो दहा रुपयांनी स्वस्त असलेलं पाकीट उचलतो किंवा सरळ मोठ्या कंपनीचा डबा घेतो.

ज्यांच्या हाताला चव आहे, पण विक्री नातेवाईक आणि ओळखीच्यांच्या पुढे सरकत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण मसाल्याचं घेतलंय, कारण त्यातले बारकावे दाखवता येतात. पापड, लोणची, पीठं, पोळीभाजी, शिवणकाम यांनाही यातलं बरंच लागू पडेल. माझं म्हणणं एवढंच, की छोट्या व्यवसायाने माल वाढवून वेगळं दिसण्याचा प्रयत्न करू नये. एक गोष्ट इतकी नेमकी करावी, की ती हवी असली की लोकांच्या तोंडी तुमचंच नाव यावं.

पायरी १: एकच मसाला आणि एकच गिऱ्हाईक ठरवा

मालवणी, आगरी-कोळी, कोल्हापुरी कांदा-लसूण, खानदेशी काळा, मराठवाड्यातला येसर, नागपूरकडचा सावजी, गोडा मसाला. महाराष्ट्रात दर शंभर-दीडशे किलोमीटरवर मसाल्याचा रंग आणि वास बदलतो. नवा माणूस यातले सगळे करायला जातो आणि इथेच फसगत होते. बारा प्रकार ठेवले की प्रत्येकाचा थोडाथोडा माल पडून राहतो, खोबऱ्याचा मसाला खवट होतो, भांडवल अडकतं आणि लोकांच्या लक्षात काहीच राहत नाही.

तुमच्या घरात, तुमच्या माहेरी किंवा सासरी जो मसाला पिढ्यान्‌पिढ्या होतो, तोच निवडा. त्याची चव बिघडली तर तुम्हाला वासावरूनच कळतं. बाकीचे नंतर, पहिल्याचं नाव झाल्यावर. लिज्जत पापडाची सुरुवात १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन केली. पुढे संस्थेने मसाले आणि साबणाची पावडरही काढली, पण आजही लिज्जत म्हटलं की पापडच आठवतो.

मग गिऱ्हाईक. सावंतवाडीत मालवणी मसाला विकणं कठीण आहे, कारण तिथे तो घरोघरी होतो. डोंबिवलीत, ठाण्यात, विरारला मात्र मूळचे कोकणातले असंख्य लोक आहेत. त्यांच्या घरात दोघं नोकरीला जातात, गच्चीवर मिरची वाळत घालायला जागा नाही आणि गावाहून मसाला पाठवणारी आजी आता थकली आहे. पिंपरी-चिंचवडमधल्या खानदेशी कुटुंबाचंही तसंच. ज्याला चव माहीत आहे पण स्वतः करणं जमत नाही, तो तुमचा पहिला माणूस. त्याला मसाला काय असतो हे समजावून सांगावं लागत नाही.

एवढं ठरलं की एक वाक्य लिहा. ‘जळगावकडचा काळा मसाला, शेवभाजी आणि वांग्याच्या भाजीसाठी, पुण्यात घरपोच.’ कुठला, कशासाठी, कुठे मिळेल, हे तिन्ही त्यात यायला हवं. हेच वाक्य पाकिटावर, फोनवर, पाटीवर सगळीकडे जाईल. ते लिहिता येत नसेल तर निवड अजून झालेली नाही असं समजा आणि पुढे जाऊ नका.

पायरी २: अंदाज सोडा, वजनावर या

घरात मूठभर, चिमूटभर चालतं. धंद्यात मार्चचा मसाला आणि ऑगस्टचा मसाला सारखाच लागला पाहिजे. ज्या दिवशी गिऱ्हाईक म्हणतं, ‘मागच्या वेळी छान होता हो’, त्या दिवशी ते निम्मं हातचं गेलेलं असतं.

सगळं साहित्य ग्रॅममध्ये लिहून काढा. धणे, खोबरं, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, चक्रीफूल, जायपत्री, जे जे पडतं ते. वजन मिरचीचे देठ काढून, ऊन दिल्यावर करायचं, नाहीतर दर खेपेला प्रमाण हलतं. भाजणी प्रत्येक जिन्नसाची वेगळी. धण्यांना जेवढी आच लागते तेवढ्यात खसखस करपून जाते.

मिरचीकडे जास्त लक्ष द्या. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी किंवा लवंगी तिखटासाठी, असं मिश्रण बहुतेक घरांत असतंच. पण एकाच जातीची मिरची दर हंगामात सारखी तिखट नसते. म्हणून मोठ्या कांडपाआधी अर्धा किलोचा नमुना करून त्याची एक भाजी करा. मागच्या खेपेचा थोडा मसाला घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधाऱ्या जागी ठेवलेला असू द्या आणि नवा त्याच्याशी ताडून बघा: रंग, वास, तिखट. फरक वाटला तर मिरच्यांचं प्रमाण थोडं हलवा आणि तेही वहीत टिपून ठेवा. ही वही म्हणजे तुमच्या व्यवसायाची खरी मालमत्ता आहे.

बाहेरचा रंग कधीही घालू नका. मसाल्यात वरून रंग मिसळायला अन्नसुरक्षा नियमांत मनाई आहे. शिवाय ब्याडगी चांगली असेल तर त्याची गरजच पडत नाही. कांडप झाल्यावर मसाला गरम असतो. तो पसरून पूर्ण गार झाल्याशिवाय पाकिटं भरली तर आत वाफ धरते, गुठळ्या होतात आणि पुढे बुरशी येते.

चवीची परीक्षा नातेवाइकांकडून घेऊ नका, ते चांगलंच म्हणणार. ओळखीपलीकडच्या आठ-दहा घरांत छोटी पाकिटं द्या. ‘कसा वाटला?’ असं विचारू नका, कारण त्याला ‘मस्त’ हे एकच उत्तर येतं. कोणत्या भाजीत घातला, किती घातला, पाकीट किती दिवसांत संपलं, आता पैसे देऊन घ्याल का, असं विचारा. शेवटच्या प्रश्नावर माणूस जरा अडखळला की तुम्हाला उत्तर मिळालं.

पायरी ३: भाव ठरवताना स्वतःची मजुरी धरा

बरेच घरगुती व्यवसाय इथे बुडतात आणि बुडताहेत हे वर्षभर कळतही नाही. हिशेब समजावा म्हणून गोल आकडे घेऊ. तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला.

समजा सहा किलो कच्चा माल ३,२०० रुपयांना आला. देठ, वाळवण, भाजणी आणि कांडपातली घट जाऊन मसाला झाला ५ किलो २०० ग्रॅम. कांडपाचे ३०० रुपये, तेल आणि गॅस १५० रुपये, दोघींची एकेका दिवसाची मजुरी १,००० रुपये. दोनशे ग्रॅमची २६ पाकिटं भरली, पाकीट आणि लेबल मिळून प्रत्येकी १२ रुपयांप्रमाणे ३१२ रुपये. एकूण झाले ४,९६२, म्हणजे एका पाकिटाला सुमारे १९१ रुपये पडले.

आता किंमत २५० ठेवली तर हातविक्रीत ५९ रुपये सुटतात. ठीक वाटतं. पण तेच पाकीट किराणा दुकानात ठेवलं आणि दुकानदाराने २० टक्के मागितले, तर तुमच्या हाती २०० येतात आणि सुटतात फक्त ९. एक पाकीट फाटलं किंवा परत आलं की वीस पाकिटांची कमाई गेली. किंमत २८० केली तर दुकानातूनही ३३ रुपये मिळतात. म्हणून भाव पहिल्याच दिवशी दुकानाचा वाटा धरून ठरवायचा. आधी स्वस्तात विकून नंतर एकदम वाढवला की जुनं गिऱ्हाईक दुखावतं.

‘दोघींची मजुरी कशाला धरायची, घरचंच तर काम आहे,’ असं मी फार ऐकते आणि दर वेळी वाईट वाटतं. उद्या मागणी वाढली आणि मदतीला बाई ठेवावी लागली, तर तिचा पगार कुठून देणार? घरच्या बाईच्या श्रमाची किंमत शून्य धरून उभा केलेला धंदा वाढूच शकत नाही.

स्वस्त विकून मोठ्या कंपन्यांशी झुंजायचा विचार सोडून द्या. त्या मिरची ट्रकने घेतात. कांडपयंत्र घ्यायचीही घाई नको. आधी गिरणीतून करून घ्या आणि वर्षभर सातत्याने माल जातोय असं दिसलं की मग बघा. त्या टप्प्यावर कर्ज घ्यायचं असेल तर २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेची चौकशी जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात करा. तिच्यात पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदानाची तरतूद केली होती; ती अजून चालू आहे का, हे आधी विचारा.

पायरी ४: कागदपत्रं पटकन, लेबल सावकाश

खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवीच, मग तो घरच्या ओट्यावर का होईना. छोट्या व्यवसायासाठी ही नोंदणी सोपी आहे आणि ऑनलाइन होते. तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा. छोट्या उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

पाकिटावर पदार्थाचं नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि शाकाहारी पदार्थाची हिरवी खूण एवढं लागतंच. तीळ किंवा शेंगदाणे असतील तर ॲलर्जीची सूचना स्पष्ट लिहा.

हे झालं नियमापुरतं. वेगळेपण दिसतं ते उरलेल्या जागेत, आणि ती जागा बहुतेक जण देवाचं चित्र, कमळ आणि ‘आईच्या हाताची चव’ यात घालवतात. त्याऐवजी मागच्या बाजूला हे लिहून बघा:

‘पाव किलो वांग्यांना सपाट दीड चमचा. कांदा परतून झाल्यावर गॅस मंद करा, मगच मसाला घाला. करपला तर भाजी कडवट होते. रंग ब्याडगीचा, तिखट लवंगीचा. मध्यम तिखट. खोबरं असल्याने पाकीट फोडल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, वर हिंगाचा खडा टाका.’

पहिल्यांदा घेणाऱ्याची भाजी बिघडली तर तो दोष मसाल्यालाच देतो. या चार-पाच ओळी ती भाजी वाचवतात. शिवाय वाचणाऱ्याला कळतं, की हे लिहिणारी बाई स्वयंपाक जाणते. प्रमाण मात्र स्वतः तीन-चारदा भाजी करून मगच छापा.

पूर्ण पारदर्शक पिशवी टाळा. उजेडाने मिरचीचा रंग उतरतो आणि फळीवर महिनाभर राहिलेलं पाकीट फिकट दिसू लागतं. रंग दाखवायचाच असेल तर छोटी खिडकी पुरे. आणि पहिल्याच खेपेला पाच हजार पाकिटं छापून घेऊ नका. साध्या पिशवीवर चिकटवायचं लेबल चालतं, कारण पहिल्या सहा महिन्यांत मजकूर बदलणारच असतो.

नाव ठरवताना ते फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला कळतं का, हे बघा. नामवंत कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं नको. व्यापारचिन्हांच्या सरकारी नोंदीत ते कुणी घेतलंय का हे फुकट शोधता येतं. दुकान असेल तर पाटीवर मराठी देवनागरी ठळक हवी. राज्यात २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते सगळ्याच दुकानांना बंधनकारक आहे, दुसऱ्या लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. त्या पाटीवर नावाखाली तुमचं ते एक वाक्य लिहा. मालाची लांबलचक यादी रस्त्यावरून जाणारा वाचत नाही.

पायरी ५: फोनवर सापडा

गूगलवर व्यवसायाची नोंद फुकट होते. प्रकार अचूक निवडा, वेळा खऱ्या टाका, सणाची सुट्टी आधी कळवा. दुकानाचा दर्शनी भाग, कांडप, पाकीट आणि त्या मसाल्याची शिजलेली भाजी, असे स्वतः काढलेले फोटो लावा. घरूनच काम चालत असेल तर पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात माल पोचवता ते दाखवता येतं. एकट्या राहणाऱ्या बायकांनी तसंच करावं.

समाधानी गिऱ्हाइकाला अभिप्राय लिहायला सांगायला संकोचू नका. ‘कोणत्या भाजीला वापरलात तेवढं लिहा’ असं म्हणा, म्हणजे ‘नाइस’ऐवजी ‘सुकटीच्या कालवणाला घातला’ असं काहीतरी कामाचं येतं. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देऊ नका. गूगलच्या नियमात ते बसत नाही आणि लोकांनाही ते कळतं.

व्हॉट्सॲपचं व्यवसायासाठीचं ॲप वेगळं आहे, तेही फुकट. त्यात कॅटलॉग भरा, किंमत लिहा. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ हा प्रकार बंद करा, विचारायला लाजणारे बरेच असतात. एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: ब्रॉडकास्ट यादीवरचा, म्हणजे एकदम अनेकांना पाठवलेला निरोप तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो. म्हणून पाकीट हातात देतानाच ‘नंबर सेव्ह करून ठेवा’ असं सांगा. आणि रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवू नका, माणसं कंटाळून ब्लॉक करतात. महिन्यातून एखादा निरोप पुरे, तोही कामाचा: नवी खेप कधी, कुठली मिरची आली, एखादी पाककृती.

पायरी ६: पहिली शंभर घरं

जाहिरातीवर पैसे घालण्याआधी वीस-पंचवीस ग्रॅमच्या पुड्या करा. एका भाजीला पुरेल एवढाच मसाला, सोबत त्या भाजीची कृती. सोसायटीत, भजनी मंडळात, भिशीत, मुलांच्या शाळेबाहेर द्या. नाव आणि नंबर लिहून घ्या आणि चार दिवसांनी स्वतः फोन करा. पुडी फुकट वाटणारे बरेच असतात, नंतर फोन करणारे फार थोडे.

प्रदर्शनात बसायचं तर मुंबईतलं बचत गटांचं महालक्ष्मी सरस, पुण्यातली भीमथडी जत्रा अशी मोठी ठिकाणं आहेत, पण सुरुवात गावच्या किंवा वॉर्डातल्या छोट्या प्रदर्शनाने करा. तिथे मसाला नुसता वाटीत ठेवून वास घ्यायला देऊ नका. भाकरीच्या तुकड्यावर तेल-मसाला किंवा चमचाभर रस्सा द्या. जिभेवर चव गेली की बोलावं लागत नाही. प्रदर्शनाचा हिशेब करताना त्या दिवशीच्या गल्ल्यापेक्षा किती नवे नंबर मिळाले आणि त्यातल्या किती जणांनी महिन्याभरात परत मागवलं, ते मोजा.

जवळची खानावळ किंवा पोळीभाजी केंद्र हे मोठं गिऱ्हाईक असतं, पण ते भाव पाडून मागतं आणि पैसे थकवतं. उधारीची मुदत आधी बोला, लिहून घ्या.

पायरी ७: दुसऱ्यांदा येणारं गिऱ्हाईक सांभाळा

पहिली खरेदी कुतूहलाने होते, संसार चालतो तो दुसऱ्या-तिसऱ्या खरेदीवर. वहीत चार रकाने आखा: नाव, काय नेलं, कधी नेलं, घरात माणसं किती. चौघांच्या घरात दोनशे ग्रॅम किती दिवस पुरतं हे दोन-तीन खेपांनी कळतं. ते संपायच्या आठवडाभर आधी निरोप पाठवा:

‘नमस्कार काकू, मागच्या महिन्यात नेलेला काळा मसाला संपत आला असेल. परवा नवी खेप येतेय. तुम्ही तिखट कमी सांगितलं होतं, तसा वेगळा काढून ठेवू का?’

मोठ्या कंपनीला हे जमत नाही. तिला काकूंच्या घरी तिखट कमी लागतं हे ठाऊकच नसतं. छोटं असण्याचा हा सगळ्यात मोठा फायदा आणि त्याला पैसा लागत नाही.

तक्रार आली तर आधी पाकीट बदलून द्या, चौकशी नंतर. बॅच क्रमांक विचारा आणि त्याच खेपेचा मसाला आणखी कुणाकडे गेलाय ते वहीत बघा. खरंच दोष असेल तर बाकीच्यांना त्यांची तक्रार यायच्या आत स्वतः कळवा. गूगलवर कुणी वाईट लिहिलं तर वाद घालू नका: ‘खेप तपासली, खोबऱ्याचा वास उतरला होता. नवीन पाकीट पाठवतोय.’ असं उत्तर तो एकटाच वाचत नाही, पुढचे सगळे वाचतात.

पायरी ८: वर्षाचं वेळापत्रक

नवी मिरची जानेवारीनंतर बाजारात येऊ लागते आणि घरोघरी वर्षाचा मसाला मार्च ते मेमध्ये भरला जातो. म्हणजे विक्रीची खरी तयारी फेब्रुवारीत. जुन्या गिऱ्हाइकांना आगाऊ नोंदणी द्या: किती किलो, तिखट किती, कधी हवा. निम्मे पैसे आधी घ्या, म्हणजे मिरची घ्यायला सावकाराकडे किंवा दागिन्यांकडे बघावं लागत नाही. नोंदणी जेवढी तेवढंच कांडप आणि वर थोडा माल शिल्लक विक्रीला.

आषाढाच्या शेवटी मटण-चिकनच्या मसाल्याला जोर असतो, श्रावण लागला की तो मंदावतो आणि गोड्या मसाल्याला मागणी येते. दिवाळीत आणि डिसेंबरात परदेशातली मुलं घरी येतात. त्यांच्या आया पाव-पाव किलोची हवाबंद पाकिटं मागतात. घटकांची यादी इंग्रजीतही छापलेली असली तर त्यांना बरं पडतं, आणि असं एक घर जोडलं की दरवर्षी तिकडच्या चार घरांची मागणी त्याच्यासोबत येते.

पावसाळ्यात नवं मोठं कांडप काढू नका. ऊन नसल्याने मिरची नीट वाळत नाही. मेअखेर मोजदाद करा, जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस यायच्या आत माल कोरड्या पिंपांत भरा, प्रत्येक पिंपावर बॅच आणि तारीख लिहा आणि आधीची खेप आधी बाहेर काढा.